सोनं, शेअर आणि ठेव एकाच कागदावर

हातातलं काम चालू राहू द्या, पण वही-पेन जवळ असेल तर घेऊन बसा. आज थोडा हिशोब करायचा आहे.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीसाठी आपल्या करमाड परिसरातल्या जमिनी गेल्या आणि काही घरांत मोबदल्याचा पैसा आला. कुणी घर बांधलं, कुणी बँकेत ठेव ठेवली, कुणी सोनं केलं. पैसा आला की त्याच्यामागे सल्ला देणारेही येतात. असेच एक गृहस्थ मागे आमच्या गटाच्या बैठकीत आले आणि त्यांनी मोबाईल पुढे धरला. पडद्यावर दोन रेषा होत्या. पिवळी सोन्याची आणि निळी सेन्सेक्सची. सेन्सेक्स म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या ३० मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढलेला आकडा. निळी रेषा पार वर गेलेली, पिवळी खाली राहिलेली. "ताई, सोनं मोडा आणि शेअरमध्ये घाला. रेषाच सांगतेय," ते म्हणाले. आमच्यातल्या एकीचा हात आपोआप गळ्यातल्या पोतीवर गेला.

ती रेषा खोटी नव्हती, तरी तिच्यावरून पोत मोडण्यासारखं काही नव्हतं. ते का, हे आपल्या शेतातल्या मालावरून बघू.

२०२०-२१ साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,८८० रुपये होता, २०२४-२५ ला तो ४,८९२ झाला. तुरीचा ६,००० होता, तो ७,५५० झाला. रुपये मोजले तर सोयाबीन १,०१२ रुपयांनी वाढली आणि तूर १,५५० रुपयांनी. म्हणजे तूर पुढे गेली, असं वाटतं. पण तूर मुळातच महाग आहे. म्हणून दोघींनाही सुरुवातीला १०० धरायचं. आजचा भाव भागिले सुरुवातीचा भाव, गुणिले १००. करून बघा. सोयाबीन १२६ आणि तूरही १२६. दोघी सारख्याच वाढल्या.

लहान-मोठ्या भावाच्या वस्तू शेजारी बसवायच्या, तर हीच रीत. सेन्सेक्सही असाच तयार झाला. १९७८-७९ साल १०० धरून तो मोजतात. दहा ग्रॅम सोन्याचे रुपये आणि सेन्सेक्सचा आकडा ही दोन वेगळी मापं आहेत. एक पायलीनं मोजायचं आणि दुसरं किलोनं, असं करून तुलना होत नाही. आधी दोन्ही १०० वर आणायचे, मगच रेषा ओढायच्या.

आता त्या गृहस्थांच्या आलेखाकडे येऊ. त्यांनी सुरुवात धरली होती २३ मार्च २०२० ची. त्या दिवशी कोरोनाच्या धास्तीने बाजार कोसळून सेन्सेक्स २५,९८१ वर आला होता. २०२४ च्या शेवटी तो ७८,१३९ होता. म्हणजे १०० चे ३०१ झाले. सोनं तेव्हा दहा ग्रॅमला सुमारे ४१,००० रुपये होतं, २०२४ च्या शेवटी सुमारे ७६,०००. म्हणजे १०० चे १८५. निळी रेषा उंच दिसणारच.

आम्ही म्हटलं, "दादा, हेच जरा तीन महिने मागून दाखवा." डिसेंबर २०१९ च्या शेवटी सेन्सेक्स ४१,२५४ होता आणि सोनं सुमारे ३९,०००. तिथून २०२४ च्या शेवटापर्यंत सेन्सेक्सचे १०० चे १८९ झाले आणि सोन्याचे १०० चे १९५. दोन्ही रेषा शेवटी जवळजवळ एकाच जागी आल्या. फक्त सुरुवातीची तारीख बदलली, तर जिंकलेली रेषा बरोबरीत आली. गृहस्थ गप्प झाले.

मोबाईलवरही हे तपासता येतं. आलेखाच्या बहुतेक ॲपमध्ये 'कंपेअर' असं बटण किंवा अधिकचं चिन्ह असतं. ते दाबून दुसरं नाव घातलं, की रुपयांच्या जागी टक्के दिसतात आणि सगळ्या रेषा शून्यापासून निघतात. पण हा शून्य कुठला? अनेक ॲपमध्ये पडद्याच्या डाव्या कडेला जो दिवस दिसतो, तोच शून्य धरतात. बोटाने पडदा थोडा सरकवला, की शून्य बदलतो आणि रेषांचा क्रमही बदलू शकतो. म्हणून दुसऱ्याने धरलेला मोबाईल आपल्या हातात घ्या, पडदा पुढे-मागे सरकवा आणि डाव्या कडेची तारीख वाचा.

दुसरी गोष्ट, दोन्ही कडांचे आकडे बघा. डावीकडे एका रेषेचे आकडे आणि उजवीकडे दुसरीचे वेगळेच असतील, तर त्या रेषा कुठे भेटतात आणि कोण वर आहे, याला काही अर्थ नाही. आकडे ताणून कुठलीही रेषा उंच करता येते.

बँकेची ठेव अशा ॲपमध्ये सहसा सापडत नाही. ती आपण वहीत काढायची. वर्षाला सहा टक्के व्याज धरलं आणि व्याजावर व्याज मिळालं, तर पाच वर्षांत १०० चे सुमारे १३४ होतात. ही रेषा सगळ्यात खाली राहील. पण मधली वाट बघा. डिसेंबर २०१९ मध्ये सेन्सेक्समागे १०० रुपये लावले असते, तर मार्चमध्ये त्याचे ६३ दिसले असते. नेमकं तेव्हाच मुलीचं लग्न किंवा दवाखाना निघाला असता, तर ६३ च हातात आले असते. ठेवीचे १०० चे ६३ झाले नसते. म्हणून रेषा कुठे पोचली, याच्याइतकंच ती मध्ये किती खाली गेली, हेही बघायचं.

आणि काही गोष्टी रेषेत दिसतच नाहीत. दागिन्याची मजुरी आणि सोन्यावरचा तीन टक्के जीएसटी सोन्याच्या रेषेत नाही. कंपन्या वाटतात तो लाभांश नेहमीच्या सेन्सेक्समध्ये धरलेला नाही. आणि उद्या काय होणार, हे तर कुठल्याच रेषेत नसतं. शेअरमध्ये पक्का नफा देतो असं कुणी म्हणालं, तर तिथेच उठा. पैसे ऑनलाईन गेले आणि फसवणूक झाली असं वाटलं, तर लगेच १९३० ला फोन करा.

शेअर वाईट आणि सोनं चांगलं, असं आम्ही म्हणत नाही. तीन प्रश्न मात्र पाठ करा. सुरुवात कुठल्या तारखेची? माप दोन्हींचं एकच आहे का? मध्ये किती खाली गेलं? पुढच्या बैठकीत चौकटीच्या वहीचं एक पान घ्या आणि सोनं, सेन्सेक्स, ठेव या तीन रेषा स्वतःच्या हाताने ओढा. तारीखही तुम्हीच ठरवा, आणि मग दुसरी तारीख घेऊन पुन्हा ओढा.

ती पोत अजून आमच्या मैत्रिणीच्या गळ्यात आहे. उद्या तिने मोडलीच, तर स्वतः हिशोब करून मोडेल. पुन्हा भेटू, नमस्कार.