गल्याथ, जालूत आणि भायखळा

लेखांक सातवा

भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग बगदादहून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांनी १८६१ साली बांधलं. त्याच्या आवारातल्या ससून घराण्याच्या शाळा ज्यू मुलांसाठी निघाल्या होत्या. आज त्यांत शिकणारी बहुतेक मुलं मुसलमान घरांतली आहेत. सिनेगॉगच्या नावाचा अर्थ ‘दाविदाची ढाल’. तो दावीद या मुलांना परका नाही, हजरत दाऊद म्हणून ती त्यांना घरूनच ओळखतात. दाविदाने ज्याला लोळवलं तो योद्धाही दोन्हीकडे ठाऊक आहे. बायबलच्या मराठी भाषांतरात तो गल्याथ, कुराणात जालूत. गेल्या आठवड्यातला शिमशोन कुराणात नव्हता. आजचा योद्धा दोन्ही ग्रंथांत आहे, आणि दोन्हींत त्याचं काम इतकं वेगळं आहे की एकच गोष्ट दोनदा वाचतोय असं वाटतच नाही.

आधी हिब्रू ग्रंथ. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाचा सतरावा अध्याय गल्याथला पायापासून डोक्यापर्यंत उभा करतो. उंची सहा हात आणि एक वीत, म्हणजे जवळपास पावणेदहा फूट. डोक्यावर पितळी टोप, अंगात पाच हजार शेकेल वजनाचं खवल्यांचं चिलखत, म्हणजे आजच्या मापाने पंचावन्न-साठ किलो. भाल्याचं लोखंडी पातंच सहाशे शेकेलांचं. एलाच्या खोऱ्यात तो चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ पुढे येतो आणि इस्राएलच्या फौजेला आव्हान देतो. लढायला कुणी निघत नाही. इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. याच ग्रंथात आधी सांगितलंय की राजा शौल साऱ्या इस्राएलात सगळ्यांपेक्षा डोकं-खांदा उंच होता. म्हणजे गल्याथसमोर उभं राहण्याचं काम ज्याचं, तो छावणीत घाबरून बसलेला आहे, आणि भावांसाठी भाजलेलं धान्य आणि दहा भाकरी घेऊन आलेला मेंढपाळ पोरगा पुढे होतो. मला हा अध्याय शौलाच्या लाजेचा वाटतो. दाविदाची गोफण त्यानंतर येते.

उंचीबद्दल एक महत्त्वाचा खुलासा. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत जी जुनी हस्तलिखितं सापडली, त्यांतल्या शमुवेलच्या प्रतीत गल्याथ सहा नाही, चार हात आणि एक वीत आहे. जुनं ग्रीक भाषांतर आणि इतिहासकार जोसेफस हेही तेच माप देतात. ते पावणेसात फुटांच्या आसपास येतं. असा माणूस उंच असतो, पण राक्षस नसतो. शिवाय शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात एके ठिकाणी गल्याथला मारण्याचं श्रेय एलहानान नावाच्या दुसऱ्याच वीराला दिलं आहे, आणि नंतर लिहिलेल्या इतिहासाच्या पुस्तकात हा एलहानान गल्याथच्या भावाला मारतो. अभ्यासक यावर पुष्कळ वाद घालतात. इतकं मात्र उघड आहे की गोष्ट सांगणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या या योद्ध्यावर हात फिरवला आहे.

तो हात पुढेही फिरत राहिला. तालमूदमधल्या सोता या प्रकरणात रब्बी गल्याथचं कूळ शोधतात आणि त्याला ऑर्पाचा वंशज ठरवतात. ऑर्पा म्हणजे सासूला निरोप देऊन माघारी फिरलेली, रूथची जाऊ. रूथ सासूबरोबर राहिली आणि तिच्या वंशात दावीद जन्मला. एलाच्या खोऱ्यात अशा दोन जावांची घराणी समोरासमोर येतात! त्याच ठिकाणी दुसरा प्रश्न आहे: गल्याथ नेमका सकाळी आणि संध्याकाळीच का येई? रब्बींचं उत्तर असं की ‘शमा’ म्हणण्याच्या दोन वेळा त्याला मोडायच्या होत्या. शमा म्हणजे देव एकच आहे याची ग्वाही, ज्यू माणसाने रोज दोनदा म्हणायची.

हे वाचताना मला कोकणातले बेने इस्राएल ज्यू आठवल्याशिवाय राहत नाहीत. अलिबागजवळ नवगावला त्यांचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळून पोट भरणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. ग्रंथ हातचे गेले, हिब्रू विसरली, पण शमा त्यांनी सोडली नाही. मुलाची सुंता असो की लग्न, प्रत्येक प्रसंगी तेवढीच प्रार्थना म्हटली जाई. जी गोष्ट तोडायला रब्बींचा गल्याथ चाळीस दिवस झटला, तीच नागाव, रेवदंडा, पेणच्या घरांत शतकानुशतकं टिकली.

दाविदाची सविस्तर कथा मात्र त्यांच्याकडे मराठीतून परत आली, आणि त्यात गिरगावचा वाटा मोठा आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. १८३२ मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. त्यांच्या शाळेतूनच आजचं गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज उभं राहिलं. विल्सन यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्राएलांनी शिक्षण घेतलं आणि आपला धर्म आणखी घट्ट धरला. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८८० च्या सुमारास समाजातल्या काही मंडळींनी कीर्तनाची मराठी परंपराच उचलली आणि बायबलमधली चरित्रं आख्यान म्हणून उभी केली.

आता कुराण. सूरह बकराच्या २४६ ते २५१ या आयतींमध्ये हा सगळा प्रसंग आटोपतो. जालूतचं नाव तीनदा येतं, पण त्याची उंची नाही, चिलखत नाही, तोंडून एक शब्दही नाही. शरीरयष्टीचा उल्लेख होतो तो तालूतच्या बाबतीत. बायबलमधला शौल तो हाच. ‘याच्याकडे पैसा नाही, हा कसला राजा?’ अशी कुरकूर लोक करतात, तेव्हा त्यांचा पैगंबर सांगतो की अल्लाहने याला ज्ञान आणि देहबल जास्त दिलं आहे. मग फौज निघते आणि वाटेत नदी लागते. तालूत बजावतो: जो पोटभर पिईल तो माझा नाही, ओंजळभर घेतलं तर चालेल. थोडे वगळता सगळे पितात. पलीकडे पोचल्यावर काहीजण म्हणतात, जालूतशी लढण्याची आज आमच्यात ताकद नाही. ज्यांची श्रद्धा पक्की, ते म्हणतात की अल्लाहच्या हुकमाने लहान तुकडीने मोठ्या फौजेला कितीदा तरी हरवलं आहे. दाऊदने जालूतला मारलं हे एका वाक्यात येतं. गोफण आणि दगडांचे तपशील पुढच्या टीकाकारांनी आणि पैगंबरकथांनी पुरवले.

कथेचं वजन नदीवर आहे. लढाईचा निकाल तिथेच लागतो, तहानलेल्या माणसाच्या ओंजळीत. बद्रच्या लढाईत पैगंबरसाहेबांबरोबर जेवढे लोक होते, तेवढेच तालूतबरोबर नदी ओलांडून गेले होते, तीनशे दहाहून थोडे अधिक, असं हदीसमध्ये सांगितलं आहे. पहिल्या मुस्लिम पिढीने जालूतची कथा स्वतःच्या अनुभवातून वाचली, ती अशी.

दोन ग्रंथ शेजारी ठेवल्यावर मला सर्वात मोलाची वाटते ती चिलखताची गोष्ट. बायबलमध्ये शौल स्वतःचं चिलखत दाविदाला चढवतो. त्याला त्यात चालता येत नाही, तो ते उतरवून ठेवतो. कुराणात, सूरह सबामध्ये, अल्लाह दाऊदसाठी लोखंड मऊ करतो आणि कड्या नीट मापात जोडून चिलखत घडवायला सांगतो. एकीकडे चिलखत नाकारणारा मुलगा, दुसरीकडे ते घडवणारा राजा. दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात सहज बसतात, आणि दोन्ही ठिकाणी हातात तलवार नसलेला दावीदच आपल्या लक्षात राहतो.

सूरह बकरातल्या जालूतच्या आयतींचा आरंभ ‘बनी इस्राईल’ या नावाने होतो, आणि याच नावाशी मुंबईची एक आठवण बांधलेली आहे. कंपनीच्या फौजेतले समाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युअल इझिकेल, टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. त्यांनी आपली जात बेने इस्राएल सांगितली. हे तर कुराणातले लोक, आपण ते कधी पाहिले नाहीत, यांना सोडून दे, असं टिपूच्या आईने सुचवलं आणि समाजी वाचले, असं त्यांचा समाज आजही सांगतो. परतल्यावर १७९६ मध्ये त्यांनी मांडवीला शार हारहमीम, ‘दयेचं दार’, हे मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. ते ज्या रस्त्यावर आहे त्याला सॅम्युअल स्ट्रीट म्हणतात.

पुढच्या आठवड्यात तालूत, म्हणजेच शौल: त्याचं दाविदाशी का बिनसलं आणि गिलबोवाच्या डोंगरावर त्याचा शेवट कसा झाला.