निकोडेमसची जुलैअखेर

अमेरिकेच्या मैदानी राज्यांत पहिल्या वसाहतकारांचे उत्सव गावोगाव होतात. त्यांत मान असतो तो बैलगाड्यांना, नांगराला आणि गाव वसले त्या सालाला. कॅन्सस राज्यातल्या ग्रॅहम काउंटीतले निकोडेमस मात्र वेगळ्या वाटेने गेले. १८७७ मध्ये ते वसवले केंटकीहून आलेल्या काळ्या कुटुंबांनी. बारा वर्षांपूर्वीपर्यंत त्यांतले बहुतेक जण गुलाम होते. झाडाझुडपांचा आधार नसलेल्या त्या माळावर त्यांनी जमीन खोदून घरे केली. एवढे सोसलेल्या माणसांनी आपल्या कष्टांचाच दिवस साजरा केला असता तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी निवडला १ ऑगस्ट, म्हणजे १८३४ मध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामगिरी कायद्याने संपली तो दिवस. परक्या बेटांवरचा दिवस कशाला, असे कोणी विचारील. पण यादवी युद्धाच्या आधी, स्वतःची मुक्ती दृष्टिपथातही नव्हती तेव्हा, अमेरिकेतील काळे लोक हाच दिवस पाळत असत. निकोडेमसने ती परंपरा पुढे नेली. या गावाला आधी स्वातंत्र्य महत्त्वाचे, जमीन त्यानंतर. आणि माझ्या मते या उत्सवाचे सगळे बळ या क्रमात आहे.

जमिनीवर उभा राहिलेला अभिमान जमिनीबरोबर ओसरतो. १८८८ मध्ये रेल्वेने निकोडेमसला बगल दिली, दुकाने रुळांकडे सरकली. पुढे मंदी आणि धुळीच्या वादळांनी उरलीसुरली घरेही रिकामी केली. आज तिथे जेमतेम मूठभर माणसे राहतात. तरीही १ ऑगस्टच्या या उत्सवासाठी जुलैच्या अखेरच्या शनिवार-रविवारी दूरदूरच्या शहरांतून वंशज येतात, मिरवणूक निघते, पंगती बसतात, रविवारी चर्चमध्ये भजने होतात. वर्षातून एकदा जेवायला जमणे म्हणजे काही गाव जिवंत असणे नव्हे, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण अशा जमण्यातून टिकलेल्या वंशजांच्या पाठपुराव्यामुळेच १९९६ मध्ये निकोडेमस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरले आणि चर्च, शाळा, हॉटेल, सभागृह धरून पाच जुन्या इमारतींना संरक्षण मिळाले. नुसत्या सहभोजनातून एवढे उभे राहत नाही.

याहून अवघड आक्षेप दुसराच आहे. ही जमीन मोकळी नव्हती. मूळ रहिवाशांना हुसकावून सरकारने ती वसाहतीला खुली केली होती. मुक्त झालेली माणसे दुसऱ्यांच्या हिरावलेल्या भूमीवर उभी राहिली, हे नाकारता येत नाही आणि नाकारूही नये. मात्र या गावाच्या कथेतच त्या मूळ रहिवाशांची नोंद आहे. पहिल्या हिवाळ्यात अन्नाविना तगमगणाऱ्या वसाहतकारांना शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी आपल्याकडचे मांस दिले, असे तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. इतर कित्येक गावांच्या उत्सवांत मूळ रहिवासी दिसतात ते शत्रू म्हणून किंवा दिसतच नाहीत. निकोडेमसमध्ये ते अन्नदाते आहेत. त्या कथेला मिरवणुकीत बग्गी-घोड्यांच्याही पुढची जागा मिळायला हवी.