युनिक्स प्रणालींवरील बॅकअप साधनांची निवड

युनिक्स आणि लिनक्ससारख्या तिच्या धर्तीवरील प्रणालींमध्ये फाइलींची राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, घेण्यासाठी टार, आरसिंक, बोर्ग व रेस्टिक या आज्ञावली प्रचलित आहेत. निवड करताना प्रत किती वेगाने निघते यापेक्षा, हरवलेली फाइल नाव, मालकी आणि परवानग्यांसह परत मिळते का, हा निकष महत्त्वाचा ठरतो.

टार
'टेप आर्काइव्ह' या नावावरून आलेली टार ही आज्ञावली १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आली. तिच्या मूळ स्वरूपात फोल्डरच्या मार्गासह नावाला १०० बाइटांची मर्यादा होती. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतील प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'महाराष्ट्र' या एका शब्दालाच ३० बाइट लागतात. त्यामुळे मराठी नावांसाठी २००१ मध्ये प्रमाणित झालेले, ही मर्यादा नसलेले पॅक्स स्वरूप सोयीचे.

आरसिंक
अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेली आरसिंक जाळ्यावरून फाइलींचा केवळ बदललेला भाग पाठवते. मावळात, विशेषतः लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर, मुसळधार पावसात वीज वा इंटरनेट खंडित झाल्यास हा गुण उपयोगी पडतो : पोहोचलेल्या फाइली पुन्हा पाठवाव्या लागत नाहीत. अशा ठिकाणच्या संस्थेने दुसरी प्रत त्याच इमारतीत न ठेवता पुण्यासारख्या दूरच्या ठिकाणी ठेवणे इष्ट. मात्र 'डिलीट' पर्याय वापरल्यास मूळ ठिकाणी चुकून पुसलेली फाइल प्रतीतूनही पुसली जाते. आरसा म्हणजे बॅकअप नव्हे.

बोर्ग व रेस्टिक
ही उणीव बोर्ग व रेस्टिक भरून काढतात. त्या फाइलींचे तुकडे करून समान तुकडा एकदाच साठवतात. त्यामुळे अनेक दिवसांच्या स्वतंत्र प्रती थोड्या जागेत मावतात. रेस्टिकमध्ये कूटबद्धता अनिवार्य आहे, बोर्गमध्ये ऐच्छिक. परवलीचा शब्द हरवल्यास कूटबद्ध प्रत निरुपयोगी होते.

पडताळणी
चालू डेटाबेसच्या फाइली थेट उतरवल्यास प्रत विसंगत निघू शकते. त्यासाठी डेटाबेसचेच निर्यात-साधन वापरतात. तेही तपासावे लागते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संकेतस्थळाच्या मुख्य डेटाबेसचे फोल्डर चुकून पुसले गेले. आवृत्ती न जुळल्याने नेहमीची निर्यात आधीपासूनच अपयशी ठरत होती आणि तशा सूचनांचे ईमेल कोणापर्यंत पोहोचत नव्हते. योगायोगाने सुमारे सहा तास आधी घेतलेल्या एका प्रतीवरून डेटाबेस उभा करण्यात आला. मधल्या काळातील नोंदी गेल्या.