उचल फिटत का नाही? ऊसतोड मजुरीचे गणित

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगरची ओळख कर्मयोगी अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने या परिसरात ऊस आणला. तो तोडण्यासाठी लागणारे हात मात्र मराठवाड्यातील कोरडवाहू गावांतून येतात. साखर पट्ट्यात सर्वत्र हेच चित्र दिसते. या हातांना मजुरी कशी मिळते, हे शहरी वाचकाला सहसा ठाऊक नसते.

ऊसतोड मजुराचे नाव साधारणपणे कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. कारखाना तोडणी व वाहतूक ठेकेदाराशी करार करतो, ठेकेदार मुकादमाला पैसे देतो आणि मुकादम टोळी जमवतो. टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. हंगामापूर्वीच या जोडीला 'उचल' दिली जाते. ती पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही असते. लग्न, दवाखाना किंवा जुने देणे यांत ती खर्च होते. म्हणजे मजुरी आधी मिळते आणि काम नंतर होते. वरवर ही सोय वाटते. पण खरी अडचण येथूनच सुरू होते.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. दर टनामागे सुमारे ३६६ रुपये झाला आणि मुकादमाचे कमिशन २० टक्क्यांवर गेले. एक जोडी दिवसाला सुमारे दोन टन ऊस तोडते असे धरल्यास दोघांची मिळून मजुरी ७३२ रुपये होते. या हिशेबाने एक लाखाची उचल फिटण्यास १३७ दिवस लागतात. मात्र २०२४-२५ च्या हंगामात राज्यातील अनेक कारखाने शंभर दिवसांच्या आतच बंद झाले. शंभर दिवसांत ७३,२०० रुपये फिटतात आणि २६,८०० रुपये अंगावर राहतात. आठवड्याच्या बाजारासाठी घेतलेली रक्कम त्यात मिळवली जाते. आजारपणामुळे काम बुडाल्यास 'खाडा' म्हणून दंड कापला जातो, तो वेगळाच. उरलेली बाकी पुढील हंगामाच्या माथी बसते. ऊस कमी पिकला किंवा पाऊस लांबला, तरी तोटा मजुराच्याच खात्यावर पडतो. आणि ते खाते असते मुकादमाच्या वहीत.

कायदा या बाबतीत मुका नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. ठेकेदाराने मजुरी न दिल्यास ती मुख्य मालकाने द्यावी, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या कामगार संहितांतही ते तत्त्व कायम आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार कपात मजुरीच्या निम्म्यापेक्षा अधिक असू नये आणि कामगाराला वेतनचिठ्ठी मिळावी. परंतु मालक कोण, हाच प्रश्न तीन पायऱ्यांच्या या साखळीत हरवतो. कारखाना ठेकेदाराकडे बोट दाखवतो, तर ठेकेदार मुकादमाकडे. मुकादमाच्या अंगावरही उचलीचा बोजा असतोच. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ पासून स्वतंत्र कायदा होता; मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात जाणारा मजूर मात्र राज्यातच राहत असल्याने त्याच्या कक्षेत आला नाही.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे धोरण ठरले. कल्याणकारी योजना हव्यातच. परंतु त्यांनी हिशेबाचा प्रश्न सुटत नाही. दरवाढीनेही तो पूर्ण सुटत नाही, कारण वाढलेला दर वहीतल्या बाकीतच जिरतो.

उपाय फार अवघड नाही. उसाची प्रत्येक खेप कारखान्याच्या वजनकाट्यावर मोजली जाते आणि शेतकरी व वाहनाची नोंद तेथे होते. त्याच नोंदीत कोयत्याचे नाव घालावे. दर आठवड्याला टन, मजुरी, कपात आणि बाकी दाखवणारी छापील चिठ्ठी नवरा व बायको दोघांनाही द्यावी आणि रक्कम दोघांच्या स्वतंत्र बँक खात्यांत जमा करावी. आपण किती ऊस तोडला आणि किती देणे उरले, हे ज्याला स्वतःच्या कागदावर दाखवता येत नाही, त्याला कोणताही कायदा हक्क मिळवून देऊ शकत नाही.