जालना जिल्ह्याला किती केबल लागेल?

मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालून आलेल्या केबल वर निघतात. तिथून सुटलेला प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर वेगानं धावतो. जालना साधारण 400 किलोमीटरवर. एवढं अंतर कापायला त्याला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. पुढं घनसावंगीकडच्या किंवा मंठ्याकडच्या एखाद्या ग्रामपंचायतीपर्यंतही तो तितक्याच सहज जातो. आणि तिथून दोनशे मीटरवरच्या घरातली मुलगी मोबाइल घेऊन गच्चीच्या एकाच कोपऱ्यात उभी असते, कारण रेंज तेवढीच येते.

या दोनशे मीटरचा हिशोब कुणीतरी मांडायला हवा.

देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरनं जोडायच्या, हा निर्णय केंद्र सरकारनं 25 ऑक्टोबर 2011 रोजी घेतला. मुदत दोन वर्षांची होती. 2015 मध्ये त्या योजनेचं नाव भारतनेट झालं. 2024 अखेर 6 लाख 92 हजार किलोमीटर केबल टाकून झाली होती. पृथ्वीपासून चंद्र सरासरी 3 लाख 84 हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे ही केबल चंद्रावर जाऊन परतीची तीन चतुर्थांशांहून जास्त वाट उतरून आली असती. काम छोटं नाही, आणि ज्यांनी उन्हातान्हात चर खणले त्यांच्या कष्टाला तोड नाही.

पण त्याच सरकारी आकड्यांत पुढची ओळ वाचा. 2 लाख 14 हजार ग्रामपंचायती ‘सेवेसाठी सज्ज’, आणि घरापर्यंत पोचलेली फायबर कनेक्शनं सुमारे 12 लाख. भागाकार केला की ग्रामपंचायतीमागे साडेपाच घरं येतात. तेरा वर्षांत साडेपाच!

मोबाइल आहे की, असं कुणी म्हणेल. जून 2025 अखेर देशात इंटरनेटचे 100 कोटींवर ग्राहक होते. त्यात केबलनं जोडलेले जेमतेम साडेचार कोटी. बाकी सगळे टॉवरच्या भरवशावर. टॉवरची क्षमता त्या पट्ट्यातल्या सगळ्यांत वाटली जाते; संध्याकाळी गाव घरी आलं की व्हिडिओ गोल फिरत राहतो. ई-पीक पाहणीत कपाशीचा फोटो शेतात काढायचा आणि अपलोड करायला रेंजमध्ये यायचं, हे तर आता सवयीचं झालंय.

आता आपल्या जिल्ह्याचं गणित. 2011 च्या जनगणनेत जालन्याची लोकसंख्या 19 लाख 59 हजार, त्यातले जवळपास 16 लाख लोक खेड्यात. घरी पाच माणसं धरली तर तीन लाखांवर घरं. प्रत्येक घराला सरासरी 200 मीटर वायर धरा. गावठाणात कमी लागेल, पण शेतवस्तीला, तांड्याला कितीतरी जास्त. तीन लाख गुणिले 200 मीटर म्हणजे 60,000 किलोमीटर. पृथ्वीचा घेर 40,075. एकट्या जालन्याची शेवटची दोनशे मीटर पृथ्वीला दीड वेढा घालतात!

मग हे अवघड आहे का? जोडणी जवळून पाहिली की उत्तर मिळतं. तंतूची जाडी 125 मायक्रॉन, प्रकाश धावतो तो गाभा फक्त 9 मायक्रॉनचा. डोक्याचा केस या गाभ्याहून कितीतरी जाड. कारागीर वरचं आवरण सोलतो, तंतू स्पिरिटनं पुसतो, टोक सरळ कापतो आणि मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवतो. ठिणगी पडते, काच वितळून एकजीव होते. वरून नळी सरकवून तापवली की काम झालं. ग्रामपंचायतीतल्या यंत्रातून निघणारा प्रकाश साधारण 2 मिलिवॅट. तो स्प्लिटरमध्ये 32 घरांना वाटला जातो, आणि घरातल्या मोडेमला त्याचा हजारावा भाग मिळाला तरी चालतं. तेवढाही मिळाला नाही की लाल लाइट लागते. धुळीचा कण, मुरगळलेली वायर किंवा रस्ता रुंद करणारा जेसीबी, एवढं त्याला पुरतं. ग्रामपंचायतीतली वीज गेली आणि बॅटरी उतरली तर बत्तीसच्या बत्तीस घरं बंद. म्हणून केबल टाकणं हे अर्धंच काम. ती चालू ठेवायला गावाजवळ राहणारा माणूस हवा.

4 ऑगस्ट 2023 रोजी केंद्रानं भारतनेटचा 1 लाख 39 हजार 579 कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात पाच वर्षांत खेड्यांतली दीड कोटी घरं जोडायची आहेत. अखेर घरं मोजायला सुरुवात झाली, याचा मला खरोखर आनंद आहे. वर्षाला कामाचे 300 दिवस धरले, तर रोज दहा हजार घरं. ऐकून छाती दडपते.

पण ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात जालन्याच्या वाट्याला येतात फक्त साडेअठ्ठावीस हजार घरं, म्हणजे रोज एकोणीस. दोघांच्या जोडीनं दिवसाला चार घरं जोडली, तर पाच जोड्या लागतात. दहा माणसं. यात अकरापैकी एकच घर जोडलं जातं, म्हणून मी पुढचाही हिशोब केला. जिल्ह्यातली तीन लाख घरं त्याच पाच वर्षांत जोडायची, तर रोज दोनशे घरं, पन्नास जोड्या, शंभर माणसं. आठ तालुके आहेत. तालुक्यामागे आयटीआय झालेली बारा-तेरा पोरं.