१ ऑगस्ट १९२० : एका रविवारचा इतिहास

दिनदर्शिकेच्या पानामागे किंवा वर्तमानपत्राच्या एखाद्या कोपऱ्यात ‘दिनविशेष’ या मथळ्याखाली जी चार-सहा वाक्ये छापलेली असतात, ती सकाळच्या चहाबरोबर वाचून सोडून देण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आणि बहुतेक तारखांच्या बाबतीत त्याहून अधिक काही करण्याचे कारणही नसते. ऑगस्टच्या पहिल्या तारखेचेच पाहा. १७७४ साली या तारखेस जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर भिंगातून सूर्यकिरण एकवटून प्राणवायू वेगळा काढला. १८३४ साली या तारखेपासून ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक वसाहतींत गुलामगिरी रद्द करणारा कायदा अमलात आला. १९१४ साली जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. आणि १९४४ साली वॉर्सा शहरातील पोलिश देशभक्तांनी नाझी फौजांविरुद्ध उठाव केला. यांतील प्रत्येक घटना आपापल्या जागी मोठी आहे, परंतु पृथ्वी सूर्याभोवतीच्या आपल्या मार्गावर दरवर्षी त्याच ठिकाणी येते यापलीकडे त्यांना एकत्र बांधणारे सूत्र कोणतेही नाही, आणि तसे ते ओढूनताणून निर्माण करणे हे इतिहासाचे काम नव्हे.

परंतु १९२० सालच्या १ ऑगस्टची गोष्ट अगदी वेगळी आहे. त्या दिवशी रविवार होता. त्या एकाच दिवसाच्या उदरात, आणि तेही एका मुंबई इलाख्याच्या हद्दीत, तीन घटना घडल्या: उत्तररात्री लोकमान्य टिळकांचे देहावसान झाले, दिवस उजाडताच महात्मा गांधींनी पूर्वीच मुक्रर केलेल्या असहकाराच्या चळवळीस प्रारंभ झाला, आणि तत्कालीन सातारा जिल्ह्यातील, आज सांगली जिल्ह्यात मोडणाऱ्या वाळवे तालुक्यातील वाटेगाव या खेड्यात, गावकुसाबाहेरच्या मांगवाड्यात, तुकाराम भाऊराव साठे या नावाचे मूल जन्मास आले, ज्याला पुढे सारा महाराष्ट्र अण्णा भाऊ साठे म्हणून ओळखू लागला. पहिल्या दोन घटनांची बातमी तारायंत्राने देशभर गेली. तिसरीची बातमी वाड्याबाहेर जाण्याचेही कारण नव्हते.

लोकमान्य त्या वेळी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरले होते. २३ जुलै रोजी त्यांना ६४ वर्षे पूर्ण झाली, आणि त्याच सुमारास हिवतापाने सुरू झालेले दुखणे पुढे फुप्फुसांपर्यंत जाऊन बळावत गेले. शनिवारची मध्यरात्र उलटून सुमारे चाळीस मिनिटे झाली असताना त्यांचा श्वास थांबला. ऐन पावसाळ्याचे दिवस असूनही पहाटेपासून सरदारगृहासमोरचा रस्ता माणसांनी भरून गेला. गिरण्यांतले मजूर, पेढीवरचे व्यापारी, कचेऱ्यांतले कारकून, हिंदू, मुसलमान, पारशी असा लाखोंचा समुदाय त्या दिवशी मुंबईच्या रस्त्यांवर पावसात उभा होता, आणि नेहमीच्या स्मशानाऐवजी गिरगावच्या चौपाटीवर, समुद्राच्या काठच्या वाळूत दहन करण्याची परवानगी सरकारला द्यावी लागली. बसलेल्या स्थितीत ठेवलेल्या त्या देहाचे छायाचित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल.

या अंत्ययात्रेतील एक प्रसंग चरित्रकारांनी नोंदवून ठेवला आहे, आणि तो मला त्या दिवसाच्या मर्मस्थानी असल्यासारखा वाटतो. गांधीजी तिरडीला खांदा देण्यास पुढे झाले तेव्हा, ते ब्राह्मण नाहीत म्हणून कोणी एका सनातन्याने हरकत घेतली. गांधीजी क्षणभर थबकले, लोकसेवकाला जात नसते अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले, आणि खांदा दिला. मौलाना शौकत अली व डॉ. सैफुद्दीन किचलू हेही खांदेकऱ्यांत होते. ज्या समाजात प्रेताचा स्पर्शसुद्धा जातीच्या कायद्याने बांधलेला होता, त्या समाजाच्या सर्वांत मोठ्या पुढाऱ्याची तिरडी एका वैश्याच्या आणि दोन मुसलमानांच्या खांद्यांवरून गेली, ही गोष्ट आज शंभर वर्षांनंतर आपल्याला वाटते तितकी साधी नव्हती.

त्याच दिवशी गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांना पत्र लिहून आपली पदके परत केली. दक्षिण आफ्रिकेतील सेवेबद्दल मिळालेले कैसर-ए-हिंद सुवर्णपदक, तसेच बोअर युद्धातील व झुलू बंडाच्या वेळच्या शुश्रूषेबद्दलची पदके त्यांत होती. खिलाफतीच्या प्रश्नात सरकारने केलेला वचनभंग आणि पंजाबातील अत्याचारांबद्दल सरकारने दाखविलेली बेपर्वाई ही त्या त्यागपत्राची कारणे होती. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण ती पुष्कळदा उलट सांगितली जाते: असहकाराची ही तारीख लोकमान्यांच्या मृत्यूमुळे ठरलेली नव्हती. उपवास, प्रार्थना आणि हरताळ यांनी १ ऑगस्टपासून चळवळ सुरू करावयाची हे आधीच जाहीर झालेले होते. मृत्यू अवचित आला आणि नेमलेल्या दिवसावर येऊन ठेपला. परिणाम मात्र असा झाला की जो हरताळ सरकारच्या निषेधासाठी पाळावयाचा होता तोच शोकाचाही हरताळ झाला, आणि एका पिढीच्या नेतृत्वाची समाप्ती व दुसऱ्याचा उदय यांमध्ये एका रात्रीचेही अंतर राहिले नाही.

लोकमान्य आणखी काही वर्षे जगते तर असहकाराचे काय झाले असते, हा प्रश्न महाराष्ट्रात तेव्हापासून चघळला गेला आहे. १९१९ च्या अमृतसर काँग्रेसमध्ये त्यांनी प्रतिसहकाराचे धोरण पुरस्कारिले होते, आणि एप्रिल १९२० मध्ये काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढून नव्या कायदेमंडळांत शिरून लढण्याचा मार्ग आखला होता. म्हणजे असहकारातील कौन्सिलांवरचा बहिष्कार त्यांच्या राजकारणात सहज बसणारा नव्हता. त्यांच्या अनुयायांपैकी न. चिं. केळकर, दादासाहेब खापर्डे यांसारखी माणसे पुढेही असहकाराशी मनापासून समरस झाली नाहीत. तरीही गांधीजींनी त्या वारशाला आपल्या चळवळीपासून तुटू दिले नाही. एक कोटी रुपयांच्या राष्ट्रीय फंडाला त्यांनी टिळक स्वराज्य फंड हे नाव दिले आणि १९२१ च्या जूनअखेर ती रक्कम उभी राहिली. आणि लोकमान्यांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, ३१ जुलै १९२१ रोजी, परळ येथे एका गिरणीच्या आवारात परदेशी कापडाची प्रचंड होळी पेटविली. आदल्या वर्षी योगायोगाने आलेली तारीख या वर्षी माणसांनी बुद्ध्या निवडलेली होती. तारखांना इतिहासात जे सामर्थ्य येते ते बहुधा अशा दुसऱ्या वर्षी येते.

आता वाटेगावाकडे वळू. ज्या मातंग समाजात अण्णा भाऊंचा जन्म झाला, त्याच्याकडे इंग्रजी अंमल संशयाने पाहत असे. १८७१ साली प्रथम केलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरविले होते, आणि सरकारी हजेरीचा जाच काय असतो हे अण्णा भाऊंनी ‘फकिरा’ या कादंबरीत असे लिहून ठेवले आहे की ते वाचताना इतिहासाच्या ग्रंथांची गरज राहत नाही. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले. पुढे कुटुंबासह पायी चालत मुंबईस आले, मिळेल ते काम केले, गिरणीत राबले, आणि दुकानांच्या पाट्या व सिनेमाच्या जाहिराती वाचता वाचता अक्षर शिकले. मजुरांच्या चळवळीने त्यांना आपलेसे केले. १९४४ च्या सुमारास शाहीर अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीने लाखोंच्या सभा भारल्या, आणि १९५९ साली आलेल्या ‘फकिरा’ला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. ती कादंबरी त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली आहे.

या दोन जीवनांत, म्हणजे त्या पहाटे संपलेल्या आणि त्या दिवशी सुरू झालेल्या जीवनांत, तारखेपलीकडे काही नाते आहे काय? माझ्या मते आहे, आणि ते मुंबईच्या गिरणगावातून जाते. २२ जुलै १९०८ च्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी, जो योगायोगाने टिळकांचा जन्मदिवस होता, मुंबईच्या गिरणी कामगारांनी काम बंद केले आणि सहा दिवस ते रस्त्यावर राहिले. लष्कराच्या गोळ्यांनी कित्येक मजूर मेले. निव्वळ राजकीय कारणासाठी हिंदी मजुरांनी केलेला हा पहिला मोठा संप, आणि परागंदा अवस्थेतील लेनिनने त्याच वर्षी लिहिलेल्या लेखात टिळकांच्या शिक्षेचा व या मजुरांचा गौरवाने उल्लेख केला. तो लेख ज्या अंकात आला त्यावर रशियाच्या जुन्या पंचांगानुसार २३ जुलै आणि नव्यानुसार ५ ऑगस्ट अशा दोन्ही तारखा आहेत, हे तारखांच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या मजुरांनी १९०८ मध्ये टिळकांसाठी रक्त सांडले, त्यांच्याच चाळींत व झोपड्यांत अण्णा भाऊ वाढले, त्यांच्याच दुःखांना त्यांनी पोवाड्यात व लोकनाट्यात वाणी दिली, आणि १९६१ साली ते लेनिनच्या देशाचा प्रवास करून आले. लोकमान्यांच्या निधनानंतर तीनच महिन्यांनी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना मुंबईतच लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली झाली, हा दुवाही विसरण्याजोगा नाही.

दुसरे नाते रंगमंचाचे आहे. १८९३ पासून टिळकांनी गणेशोत्सवाला देवघरातून चव्हाट्यावर आणले, रायगडावर शिवजयंतीचा उत्सव सुरू केला, आणि मेळे, पदे, पोवाडे यांना राजकारणाचे वाहन बनविले. अण्णा भाऊंनी हेच वाहन उचलले, परंतु त्याची दिशा फिरविली: तमाशाच्या आरंभीच्या गणात गणपतीऐवजी त्यांनी मायभूमीला आणि छत्रपती शिवरायांना वंदन करावयास लावले. एकाने देवतेच्या उत्सवात राष्ट्राला आणून बसविले, तर दुसऱ्याने मजुरांच्या करमणुकीत त्या राष्ट्रालाच देवतेच्या जागी ठेवले. एकाच लोककलेच्या या दोन वळणांकडे आपल्या साहित्येतिहासाने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

नात्याइतकाच विरोधही खरा आहे, आणि तो झाकून ठेवणे हा दोघांचाही अपमान होईल. मार्च १९१८ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांच्या खटपटीने मुंबईत भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेत लोकमान्यांनी, देवाला अस्पृश्यता मान्य असेल तर अशा देवाला मी देव मानणार नाही, या आशयाचे ज्वलंत भाषण केले; परंतु अस्पृश्यता न पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रकावर सही केली नाही. भाषण आणि सही यांमधले ते अंतर ओलांडण्याची वाट वाटेगावच्या मांगवाड्यातील माणसे पाहत होती असे म्हणता येणार नाही, कारण त्यांच्यापर्यंत ते भाषणच पोहोचले नव्हते. १९२० सालच्या जानेवारीत डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले, मार्चमध्ये माणगाव येथे शाहू महाराजांच्या उपस्थितीत अस्पृश्यांची परिषद भरली, आणि या समाजाचा आवाज स्वतःच्या कंठातून प्रकट होऊ लागला. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना अण्णा भाऊंनी सांगितले की ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नाही, दलितांच्या व कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरलेली आहे. स्वराज्याच्या प्रश्नाला टिळकांनी दिलेल्या उत्तरात जी जागा कोरी राहिली होती, ती या वाक्याने भरली असे मी मानतो. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, दारिद्र्यात निवर्तले.

आज महाराष्ट्रातील शाळांत व कचेऱ्यांत १ ऑगस्ट रोजी लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊंची जयंती एकत्र साजरी होते. दोन तसबिरी शेजारी ठेवतात, दोन हार घालतात, दोन भाषणे होतात, आणि बहुतेक ठिकाणी पहिल्या भाषणाचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो. हे बदलणे कठीण नाही. शिक्षकांनी त्या दिवशी वरच्या वर्गांतील मुलांच्या हाती ‘केसरी’तील एखादा अग्रलेख आणि ‘फकिरा’चे एखादे प्रकरण द्यावे, दोन्ही त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावीत, आणि १९०८ च्या संपाची व १९१८ च्या परिषदेची हकीकत काही न वगळता सांगावी. शाळा सुटण्यापूर्वी एवढे होण्यास एक तास पुरे आहे, आणि ज्या पालकांची मुले अशा शाळांत आहेत त्यांनी तो तास मागून घ्यावा.