वीतभर दांडा आणि टाचणीएवढा शेंडा

साबुदाण्याची खिचडी मी जन्मभर खात आलो. पण साबुदाण्याचे झाड कसले, हे पंचेचाळिशी गाठेपर्यंत मला ठाऊक नव्हते! एकादशीला आपल्याकडे येणारा साबुदाणा बहुतेक तमिळनाडूतल्या सेलम भागातला. कसावा नावाच्या झुडपाच्या कंदाचे सत्त्व काढून त्याचे दाणे वळतात.

मध्यंतरी तिरुअनंतपुरमला गेलो होतो. तिथे श्रीकार्यमला 1963 पासून कंदपिकांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. त्या विषयात काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी मला आधी शेतातच घेऊन गेला. कसाव्याच्या पानांवर पिवळी ठिगळे होती, पाने आक्रसली होती.

"सर, हा मोझॅक. पांढरी माशी तो पसरवते, आणि शेतकरीही."

"शेतकरी कसा?"

कसाव्याचे बी सहसा पेरीत नाहीत; मागल्या पिकाच्या दांड्याचे वीतभर तुकडे रोवतात. दांड्यात विषाणू असला, की बेण्याबरोबर तोही रुजतो. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेली मोळी म्हणजे पुष्कळदा रोगाचीच भेट!

मात्र कोंबाच्या अगदी टोकाशी, जिथे रसवाहिन्या अजून तयार व्हायच्या असतात, तिथे विषाणू बहुधा पोचलेला नसतो. मोरेल आणि मार्टिन या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1952 साली डेलियाची निरोगी रोपे अशाच टोकापासून मिळवली; 1975 मध्ये कार्था आणि गॅम्बोर्ग यांनी कसाव्यावर तेच साधले. हे टोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान! सूक्ष्मदर्शकाखाली ते कापायचे आणि साखर, क्षार, संप्रेरके घातलेल्या निर्जंतुक आगरावर ठेवायचे. 'ऊतिसंवर्धन' हा शब्द मी वर्गात उच्चारला तर पोरे जांभया देतील. काम मात्र सोनाराच्या हाताचे. टोक मोठे कापले तर रोग येतो, फार लहान कापले तर ते जगत नाही. जगलेल्याचीही तपासणी करावी लागते. मग रोप वाढले, की पेरापेराशी कापून एकाची अनेक करतात.

नळीतले रोप मोठे लाडावलेले. उघड्या हवेत आणताच माना टाकते. म्हणून काही आठवडे दमट आच्छादनाखाली ठेवून त्याला बाहेरची सवय लावतात.

"आता माशीची भीती नाही ना?" मी विचारले.

तो हसला. रोप निरोगी असले तरी रोगप्रतिकारक नसते. म्हणून बेणे आधी जाळीत वाढवायचे, आणि शेतात गेल्यावर ठिगळाचे पान दिसताच शेतकऱ्याने ते झाड स्वतः उपटायचे.

"ते उपटतात?"

"कंद धरलेले झाड, सर. हात धजत नाही."